उतरत्या तळाची खोली

कायद्याच्या मागोमाग टिकल्या आल्या. लाल आणि हिरव्या.

कायदा थोडक्यात सांगते. विद्यार्थ्यांच्या युनियनची वर्गणी आता कुणावर सक्तीची नाही, आणि जी सोय ‘शैक्षणिक स्वरूपाची नाही’ तिचे पैसे विद्यापीठानं विद्यार्थ्यांच्या मानगुटीवर बसून वसूल करायचे नाहीत. एक जुलै दोन हजार सहापासून लागू. तिकडे राजधानीत, कॅनबेरात, कुणीतरी बसून हे लिहिलं, आणि आठवड्याभरात आमच्या युरंबी विद्यापीठाचा इमारत-प्रमुख ग्रँट ऑल्डर्टन टिकल्यांचं पाकीट घेऊन आवारात फिरायला लागला. शैक्षणिक वस्तूला हिरवी टिकली, नाहीतर लाल. हिरवी ती विद्यापीठ सांभाळणार. लाल ती युनियनची, आणि युनियन तर आता श्वास मोजत पडलेली. म्हणजे लाल टिकली लागली की ती वस्तू गेलीच म्हणायची.

टोस्टरला लाल. युनियनच्या सोफ्याला लाल. कँटीनमधल्या सॉसच्या बाटलीलासुद्धा लाल. ग्रंथालयाला हिरवी. पण ग्रंथालयात खिडकीशी एक आरामखुर्ची आहे, तिच्यात कुणी कधी वाचलेलं नाही, सगळे नुसते झोपतात. तिच्यापुढे ग्रँट म्हणे वीस मिनिटं उभा होता. शेवटी त्यानं खिशातून कात्री काढली आणि अर्धी लाल, अर्धी हिरवी टिकली जोडून लावली.

माणूस वाईट नव्हता हो. नियम म्हटला की त्याला लहान मुलासारखी झोप लागायची, एवढंच.

मी लॉझ. आईनं लॉरेन ठेवलं होतं, पण आमच्याकडे पूर्ण नाव फक्त कोर्टात घेतात. वय बावन्न. एकोणीस वर्षं युनियनचा पोहण्याचा तलाव सांभाळत होते. पंचवीस मीटर लांब, वर काचेचं छप्पर, पाणी बारा महिने तीस अंशांवर. आमचं विद्यापीठ उंच पठारावर, आणि जुलै म्हणजे आमचा ऐन हिवाळा; सकाळी गवत पांढरं कडक होतं, गाडीची काच खरवडावी लागते, आणि त्यातच आमचा तलाव उभा असतो वाफ सोडत, किटली उतरवायला कुणीतरी विसरल्यासारखा.

ग्रँटनं तलावाच्या शिडीला लाल टिकली लावली तेव्हा मी तिथेच उभी होते.

‘‘सोमवार चोवीस तारीख,’’ तो म्हणाला. ‘‘सत्राचा पहिला दिवस. साडेनऊला बॉयलर बंद, दहाला पाणी सोडायचं. पुढे इथे गाड्या लावायची सोय होईल.’’

‘‘गाड्या शैक्षणिक असतात वाटतं?’’

‘‘पार्किंग सक्तीचं नसतं, लॉझ. ज्याला हवं तो पैसे देतो.’’

‘‘पोहणंही सक्तीचं नसतं रे बाबा. आजवर मी कुणाला ढकललेलं नाही. एकदा तुला सोडून.’’

तो हसला नाही. मी मात्र त्याच्या खिशातलं लाल टिकल्यांचं एक पान अलगद काढून घेतलं. पुढचे तीन दिवस बरे गेले माझे. कुलगुरूंच्या वाइनच्या फ्रिजला एक. संस्थापकांच्या पुतळ्याला एक, कपाळाच्या बरोबर मध्ये. आणि एक ग्रँटच्या कोटाला, पाठीवर. तो तसाच सगळ्या मीटिंगा करून आला. ‘शैक्षणिक स्वरूपाचा नाही’ हे पाठीवर घेऊन फिरणारा आमच्या विद्यापीठातला तो काही पहिला माणूस नव्हता, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नसावं.

पण टिकल्या संपल्या. सोमवार तसाच उभा होता. आणि रोज सकाळी साडेसहाला विल्मा यायची.

विल्मा ऊस्टरहाउस भूगोल शिकवायची. चौसष्ट वर्षांची. दोन्ही खुबे गेलेले. बाहेर ती दोन काठ्यांवर चालायची. चालायची कसली, एक काठी पुढे, मग दुसरी, मग दात आवळून एक पाय, मग थांबून जणू काही देखावाच बघतेय असं नाटक. पार्किंगपासून माझ्या दारापर्यंत साठ पावलं. मी आतून बघायची, पण बघतेय हे तिला कळू द्यायची नाही. दार उघडून धरलं तर चिडायची.

मग ती रॅम्पवरून पाण्यात उतरायची. तिथे पाणी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. आणि छातीपर्यंत आलं की विल्मा चालायला लागायची.

हे सांगून कळत नाही. वाफ एवढी असायची की समोरची भिंत दिसायची नाही. छपरावरून थेंब पडायचे, एक इथे, एक तिथे, फार सावकाश. काच अजून निळसर असायची, बाहेर मॅगपाय पक्षी बाटलीतून बोलल्यासारखे बोलायचे. आणि त्या पांढऱ्या धुरात ती बाई या काठापासून त्या काठापर्यंत आडव्या येरझारा घालायची. हात मागे बांधून. कुणाची तरी वाट बघत फलाटावर फिरावं तशी. वाफेत शिरायची, नाहीशी व्हायची, आणि थोड्या वेळानं भलतीकडूनच यायची. मला कधीकधी वाटायचं, आत जाते ती विल्मा वेगळी, बाहेर येते ती वेगळी. बाहेर येणारी तिशीतली असते.

‘‘जमीन फार उद्धट असते, लॉझ,’’ ती म्हणायची. ‘‘पाऊल टाकलं की उलट मारते.’’

लाल टिकली लागली त्या सकाळी ती शिडीपाशी आली, टिकलीवर बोट फिरवलं आणि पाण्यात उतरली. दोन येरझारा झाल्यावर म्हणाली, ‘‘डॉक्टर म्हणतो, चालणं थांबलं की सहा महिन्यांत कायमचं थांबेल.’’

‘‘मग?’’

‘‘मग जिलाँगला भाऊ आहे. त्याची मागची खोली रिकामी आहे. खिडकी आहे म्हणे. खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसतं.’’

‘‘भाऊ कसा आहे?’’

‘‘बोलतो फार,’’ विल्मा म्हणाली, आणि वाफेत गेली.

ती परत बाहेर येईपर्यंत माझ्या डोक्यात मर्ल आली होती.

मर्ल म्हणजे टाइमटेबल ऑफिस. म्हणजे ते अख्खं ऑफिस एकटी मर्लच. कोणता वर्ग कोणत्या खोलीत हे तिचा कॉम्प्युटर ठरवायचा, आणि कॉम्प्युटरला काय सांगायचं हे ती. दुपारी गेले तेव्हा ती बीटाचं सँडविच खात होती, आणि तिच्या कागदांवर जिकडेतिकडे बोटांचे गुलाबी ठसे.

‘‘मर्ल, एखाद्या जागेला खोली-क्रमांक असला की ती जागा काय होते?’’

‘‘शिकवायची जागा होते.’’

‘‘आणि सत्र सुरू झाल्यावर ती काढून घेता येते?’’

‘‘नाही. एकदा भर परीक्षेत कुणीतरी खोली पाडली होती. तेव्हापासून सत्र संपेपर्यंत हात लावता येत नाही.’’ तिनं मान वर केली. ‘‘का गं?’’

‘‘मला एका खोलीची नोंद करायची आहे.’’

तिनं फॉर्म काढला. आणि मी तुम्हांला शपथेवर सांगते, त्या फॉर्मवर मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. खोटं बोलून फसवणं कुणालाही येतं. खरं बोलून फसवायला मजा येते.

‘‘इमारत?’’

‘‘जे. कपडे बदलायच्या आठ खोल्या आहेत तिथे, म्हणून ही जे-नऊ.’’

‘‘तळ सपाट की उतरता?’’

‘‘उतरता.’’ होताच की. एका टोकाला ढोपरभर, दुसऱ्या टोकाला दोन माणसं एकावर एक.

‘‘म्हणजे मोठ्या लेक्चर हॉलसारखा,’’ मर्ल पुटपुटली. ‘‘किती माणसं?’’

‘‘भिंतीवर अग्निशमनवाल्यांची पाटी आहे. एकशे चाळीस.’’

‘‘हीटिंग?’’

‘‘आहे. उत्तम.’’

‘‘आवाज कसा पोचतो?’’

‘‘अगं, घुमतो.’’

‘‘रॅम्प?’’

‘‘आहे. कठड्यासकट.’’

‘‘पाण्याची सोय?’’

इथे मी जरा घसा साफ केला. ‘‘आहे,’’ मी म्हटलं. ‘‘भरपूर.’’

मर्लची पेन्सिल थांबली. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या नकाशाकडे, मग जे इमारतीकडे, मग परत माझ्याकडे.

‘‘लॉझ.’’

‘‘काय?’’

‘‘मी काय लिहिलंय ते वाचत नाही. मी फक्त टाइप करते.’’

‘‘म्हणून तर तुझ्याकडे आले राणी.’’

माझा हिशेब सरळ होता. खोलीला क्रमांक मिळेल, वर्ग कुठला मिळणार नाही, आणि तलाव सत्रभर गुपचूप वाचेल. तोवर पुढचं पुढे. पण कॉम्प्युटर नावाच्या प्राण्याला मी ओळखत नव्हते. मला माहीत नव्हतं की विल्मा गेली तीन वर्षं प्रत्येक सत्राला अर्ज टाकत होती: मोठा वर्ग आहे, उतरता हॉल हवा, रॅम्प हवाच. आणि तीन वर्षं कॉम्प्युटर तिला उत्तर देत होता की असा हॉल अस्तित्वात नाही. आता बिचाऱ्याला एकदम असा हॉल सापडला. त्याला किती आनंद झाला असेल.

शुक्रवारी टाइमटेबल लागलं. पृथ्वीचा भूगोल, पहिलं वर्ष, सोमवार सकाळी नऊ, जे-नऊ.

सोमवारी पावणेनऊला दारात गर्दी. साठ-सत्तर पोरंपोरी, जाड कोट, लोकरीच्या टोप्या, हातात वह्या. आत शिरले आणि सगळे एकाच जागी थबकले. वाफेत त्यांचे चष्मे पांढरे झाले. एकजण चष्मा पुसायचा, पुन्हा पांढरा. पुन्हा पुसायचा.

‘‘जे-नऊ कुठेय?’’ पुढच्या मुलीनं विचारलं. शॉना तिचं नाव, गुरांच्या फार्मवरून आलेली, पायात घोडेस्वारीचे बूट.

‘‘हीच.’’

‘‘ही?’’

‘‘क्रमांक बघ ना दारावर.’’ सकाळी विल्मा येऊन गेल्यावर मी रंगवला होता. अजून ओलाच होता.

‘‘पण यात पाणी आहे.’’

‘‘भूगोलच आहे ना?’’ मी म्हटलं.

तेवढ्यात विल्मा आली. काठी, काठी, पाय. गर्दी बाजूला झाली. तिनं कागद काढून क्रमांक पाहिला, दार पाहिलं, पाणी पाहिलं, शेवटी मला.

‘‘लॉझ, तू काय केलंस?’’

‘‘एक फॉर्म भरला.’’

‘‘किती खोटं लिहिलंस?’’

‘‘एकही नाही. मर्लची शपथ.’’

विल्मा काठ्यांवर तोल सावरत उभी राहिली. सत्तर जण तिच्याकडे बघत होते. सहा वर्षं ती खुर्चीत बसून शिकवत होती, वर्गात सगळ्यांच्या आधी शिरायची आणि सगळ्यांच्या शेवटी निघायची, म्हणजे उठता-बसताना कुणाला दिसू नये. ती कपडे बदलायच्या खोलीत गेली. मला वाटलं, मागच्या दारानं निघून जाते की काय. पण ती आली, निळ्या पोहण्याच्या कपड्यांत, गळ्यात चष्म्याची दोरी. काठ्या कठड्याला टेकवून ठेवल्या आणि रॅम्प उतरली.

‘‘बसा,’’ ती म्हणाली.

‘‘कुठे?’’

‘‘काठावर. बूट काढून.’’

सत्तर जोड्या मोजे निघाले. मी सांगते, अशी शांतता कुठल्या चर्चमध्येही नसेल. तिन्ही बाजूंनी काठावर पोरं बसली, पँटी दुमडून, पाय पाण्यात. बाहेर शून्याच्या खाली, आणि सत्तर जणांचे पाय एकदम कोमट पाण्यात गेले तेव्हा जो एक आवाज निघाला ना, तो मी नऊ वाजता कुठल्याही विद्यापीठात ऐकलेला नाही.

विल्मा चालायला लागली. हात मागे.

‘‘आपल्याकडे नद्या उलट्या वाहतात,’’ ती म्हणाली. वाफेतून आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं, सगळीकडूनच यायचा. ‘‘बाकीच्या जगात नदी समुद्राकडे जाते. आपल्या काही नद्या आत जातात. देशाच्या पोटात. शोधायला निघालेल्या गोऱ्या लोकांना वाटलं, नद्या आत जातायत म्हणजे आत समुद्र असणार. एकानं तर समुद्र सापडेल म्हणून वाळवंटात होडी ओढत नेली.’’

‘‘वेडा होता?’’ कुणीतरी धुरातून विचारलं.

‘‘छे. बरोबर होता. समुद्र होता तिथे. हा फक्त दहा कोटी वर्षं उशिरा पोचला.’’

कुणी हसलं, ते हसू पाण्यावरून पलीकडे गेलं आणि परत आलं. विल्मा येत होती, जात होती. तिच्या छातीपुढे एक लाट चालायची, आणि ती लाट काठावरच्या सगळ्यांच्या पोटऱ्यांना एकापाठोपाठ एक लागत जायची. तिनं इकडे वळून ‘चुनखडी’ म्हटलं की तिकडच्या टोकाला शेवटच्या मुलाच्या पायाला चुनखडी लागायची. मी खांबाला टेकून उभी होते, हातात जाळी, जाळीत एक निलगिरीचं पान. किती वेळ तशी उभी होते मला माहीत नाही. वह्या बंद झाल्या होत्या, कागद मऊ पडले होते. शॉना तर कधी पाण्यात उतरली कुणालाच दिसलं नाही, जीन्ससकट, पाठीवर पडून तरंगत होती, कान पाण्याखाली. मी खाली वाकून विचारलं, ‘‘अगं, ऐकू तरी येतंय का?’’

‘‘जास्त येतंय,’’ ती डोळे न उघडता म्हणाली. ‘‘ती चालते ते पण ऐकू येतंय.’’

मग आणखी उतरले. वाफेत टोप्या तरंगायला लागल्या. लोकरीच्या. दहा कोटी वर्षांपूर्वी आमच्या त्या समुद्रात काय काय पोहत असेल देव जाणे, पण लोकरीच्या टोप्या घालून नक्की नसेल.

साडेनऊला दार उघडलं आणि ग्रँट आला. मागे दोन माणसं, हातात मोठा पाना.

तो कोटासकट वाफेत शिरला आणि त्याचाही चष्मा पांढरा झाला.

‘‘हे काय चाललंय?’’

‘‘लेक्चर,’’ मी म्हटलं.

‘‘लॉझ, तमाशा पुरे.’’

‘‘हळू बोल. वर्ग चालू आहे.’’ मी त्याच्या हातात टाइमटेबल ठेवलं. ‘‘जे-नऊ. उतरता तळ. एकशे चाळीस जागा. वाच ना, तुझ्या वाचायच्याच गोष्टी आहेत.’’

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मी बघितलं, त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अडचण होती. खोलीला क्रमांक होता. क्रमांकाला तो हात लावू शकत नव्हता, त्याच्या हातून ते होतच नसे.

‘‘ठीक,’’ तो म्हणाला. ‘‘पण पोहण्याचे कपडे लागणार. ते विकत घ्यायला लावणं म्हणजे सक्तीची वसुली. नव्या कायद्यात बसत नाही.’’

मी कपाटातला खोका काढला. एकोणीस वर्षांत लोक विसरून गेलेले पोहण्याचे कपडे, सगळे धुतलेले, मापाप्रमाणे लावलेले. ‘‘फुकट. जांभळा घे, तुला शोभेल.’’

काठावर हसू फुटलं. ग्रँटनं चष्मा काढला, खिशात ठेवला. चष्म्याशिवाय तो बराच तरुण दिसायचा. मग त्याला सुचलं, आणि सुचताना मला दिसलं.

‘‘खोली राहील,’’ तो सावकाश म्हणाला. ‘‘खोली शैक्षणिक आहे, मान्य. उतरता तळ राहील, रॅम्प राहील. पण पाणी कशाला? पाणी सोडू. आत खुर्च्या मांडू. लेक्चर होईलच.’’

मी त्याच्या हातातलं टाइमटेबल ओढून घेतलं आणि त्यात पाण्याचा शब्द शोधला. कुठेच नव्हता.

पाना घेतलेला माणूस बॉयलरकडे निघाला. ग्रँट पाण्याच्या काठाशी गेला. ‘‘विल्मा, एकच विचारतो. तुझा विषय शिकायला या मुलांना पाणी लागतं का? शैक्षणिक गरज आहे? हो म्हण, मी लिहितो आणि जातो.’’

आता ऐका. त्यानं दार उघडून धरलं होतं. नियमात बसेल एवढा एक शब्द मागत होता. मी ग्रँटच्या मागून जोरजोरात मान हलवत होते, हो म्हण बाई, नद्या, समुद्र, लाटा, काय हवं ते जोड, हो म्हण. तिच्या पलीकडे जिलाँगची ती खोली मला दिसत होती, गॅरेजसकट.

विल्मा चालायची थांबली. तिच्या पुढची लाट तेवढी पुढे गेली.

‘‘नाही,’’ ती म्हणाली.

‘‘विल्मा!’’ मी ओरडले.

‘‘गप्प बस, लॉझ. यांना पाणी लागत नाही, ग्रँट. यांना मी कोरड्या खोलीतही शिकवलं असतं, आणि ते शिकले असते. पाणी मला लागतं.’’ तिनं कठड्याला टेकलेल्या काठ्यांकडे बोट केलं. ‘‘बाहेर मला चालता येत नाही. इथे येतं. मी सहा वर्षांत पहिल्यांदा आज वर्गात उभी राहिले. पाणी सोडलंत तर मी सत्रही पुरं करणार नाही. एवढंच आहे. शैक्षणिक बिक्षणिक काही नाही.’’

छपरावरून थेंब पडला, मग दुसरा. शॉना तरंगायची थांबून उभी राहिली होती, केस तोंडावर. मी मनात म्हटलं, संपलं. एवढा सुंदर उपद्व्याप केला मी, आणि हिनं खरं बोलून घालवला.

ग्रँट तिच्याकडे बघत होता. ‘‘तुला लागतं?’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे शिकवणाऱ्या व्यक्तीला. काम करण्यासाठी.’’

‘‘हो म्हटलं ना.’’

‘‘मग आधी का नाही बोललीस?’’ तो जवळजवळ चिडलाच. ‘‘हा कायदा विद्यार्थ्यांच्या वर्गणीचा आहे. तुझा याच्याशी संबंधच काय? तो फॉर्म वेगळा आहे!’’

‘‘कुठला फॉर्म?’’

‘‘पाठदुखीचा! म्हणजे, पाठ, गुडघे, खुबे, सगळ्यांचा. ज्याला साधी खुर्ची चालत नाही त्याला विद्यापीठानं योग्य ती खुर्ची द्यायची. दर महिन्याला पाच-सहा देतो मी. उंच, बुटक्या, चाकांच्या. कोणती हे मी ठरवत नाही, ज्याला बसायचं तो ठरवतो.’’ तो वळला. ‘‘अरे ए, तो पाना खाली ठेव!’’

आणि त्यानं ब्रीफकेस उघडली. त्या माणसाच्या ब्रीफकेसमध्ये तो फॉर्म होता, बरं का. कोरे पाच. काठावर ओल्या बाकावर बसून त्यानं लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होता. ‘‘अर्जदार, डॉक्टर विल्मा ऊस्टरहाउस. वस्तू... खुर्ची. प्रकार...’’ त्यानं पाण्याकडे पाहिलं. ‘‘तापवलेली. लांबी पंचवीस मीटर. नग एक.’’

पहिला हसला तो पाना घेऊन आलेला. मग वर्ग. काचेच्या छपराखाली ते हसू इतका वेळ फिरत राहिलं की थेंब भराभर पडायला लागले. विल्मा हसत होती की तोंडावरचं पाणी पुसत होती, वाफेत कळलं नाही.

‘‘मला कधी प्रोफेसरचं अध्यासन दिलं नाही यांनी,’’ ती मला म्हणाली. ‘‘तीस वर्षं मागतेय. आता दिलं तर हे असलं.’’

‘‘आणि एवढं मोठं आसन कुलगुरूंकडे पण नाही,’’ मी म्हटलं.

‘‘किती दिवसांसाठी?’’ तिनं ग्रँटला विचारलं.

‘‘निवृत्तीपर्यंत. खुर्ची मध्येच काढून घेत नाहीत.’’ तो क्षणभर घुटमळला. ‘‘आणि कर्मचाऱ्याच्या खुर्चीवर इतर कुणी बसायचं नाही असा नियम मला तरी माहीत नाही.’’

पहिल्यांदा मला त्याच्या पाठीवर टिकली लावल्याचं थोडं वाईट वाटलं. थोडंच.

पण फॉर्मला दुसरी बाजू होती. ग्रँटनं ती उलटली, वाचली आणि त्याचा चेहरा उतरला.

‘‘काय?’’ मी विचारलं.

‘‘खुर्ची देणाऱ्यानं ती स्वतः बसून तपासायची असते. सुरक्षिततेसाठी.’’

मी खोका पुढे केला नाही. देव शपथ, काहीच बोलले नाही. गप्प बसणं मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. ग्रँटनं कोट काढला, घडी करून बाकावर ठेवला. बूट काढले, मोजे बुटात घातले. मग शर्ट, टाय आणि पँटीसकट तो रॅम्प उतरला आणि कमरेएवढ्या पाण्यात खाली बसला. पाणी हनुवटीपर्यंत आलं. टाय वर येऊन त्याच्यापुढे तरंगायला लागली. फॉर्म त्यानं एका हातात डोक्याच्या वर धरला होता, दुसऱ्या हातात पेन.

सुरुवातीला त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते. मग एक खाली आला. मग दुसरा. वाफेनं त्याचं टक्कल झाकलं.

‘‘पुढे चालू ठेव, विल्मा,’’ तो म्हणाला. डोळे मिटले होते की काय कोण जाणे. ‘‘माझ्यासाठी थांबू नकोस.’’

विल्मानं हात मागे बांधले. चुनखडीपाशी होतो आपण, ती म्हणाली, आणि चालायला लागली. मुलं पुन्हा पाठीवर पडली, वाफ त्यांच्यावरून मिटत गेली. पाना घेऊन आलेले दोघंही काठावर बसले होते, बूट काढून. विल्मा ग्रँटच्या समोरून गेली, तिची लाट त्याच्या हनुवटीला लागली. मग ती धुरात शिरली. तिथून समुद्राचं काहीतरी बोलत होती, तळाशी साचलेल्या मिठाबद्दल. मग वळून परत आली. तिशीतली.

ग्रँटच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न राहिला होता. मी काठावरून त्याच्या मागे वाकून वाचला: खुर्ची चालते का?

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि ओल्या कागदावर जपून लिहिलं: चालते.